४९४ चौरस किलोमीटरमध्ये दहा

सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला रस्त्याने जायचं तर सुमारे ३७० किलोमीटर पडतात. खंबातचं आखात आडवं कापलं की तेच अंतर ९० वर येतं. नोव्हेंबर २०२० पासून इथे मोटारी, ट्रक आणि माणसं घेऊन जाणारी फेरीबोट चालते. चारेक तासांचा प्रवास. बहुतेक प्रवासी तो झोपेत किंवा मोबाइलवर काढतात. डॉल्फिन मोजायला कठड्याशी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकाला मात्र पापणी मिटणंही जिवावर येतं.

का, ते आकड्यांवरून कळतं. गुजरात वन विभागाने २०२४ मध्ये डॉल्फिन गणनेचे निकाल जाहीर केले. ४,०८७ चौरस किलोमीटर पाण्यात ६८० डॉल्फिन, म्हणजे सहा चौरस किलोमीटरला एक. ही सरासरी फसवी आहे. ओखा ते नवलखी या कच्छच्या आखाताच्या दक्षिण भागात, १,३८४ चौरस किलोमीटरमध्ये, ४९८ सापडले. उत्तरेकडच्या १,८२१ मध्ये १६८, मोरबीकडच्या ३८८ मध्ये ४. आणि भावनगरच्या ४९४ चौरस किलोमीटरमध्ये फक्त १०. मुंबई महापालिकेच्या अख्ख्या हद्दीत दहाच माणसं फिरत असावीत, तीही अधूनमधून क्षणभरच दिसणारी, आणि कुणीतरी सांगावं की मोजून या, तसं हे काम आहे. चार भागांच्या या यादीत सुरतेचा किनारा नाहीच.

आता डेकवरून काय दिसतं ते पाहू. डोळे पाण्यापासून दहा मीटर उंच धरले तर क्षितिज ११ किलोमीटरवर येतं आणि नजरेच्या वर्तुळात ४०० चौरस किलोमीटर पाणी सामावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण काळसर पाठ खात्रीने ओळखायची तर अर्ध्या किलोमीटरपलीकडे फारसा भरवसा धरता येत नाही. दोन्ही बाजू मिळून एक किलोमीटरचा पट्टा धरला, तर ९० किलोमीटरच्या फेरीत ९० चौरस किलोमीटर पाहून होतात. भावनगरच्या प्रमाणाने तेवढ्या पाण्यात दोनही डॉल्फिन येत नाहीत. ओखा-नवलखीच्या प्रमाणाने बत्तीस आले असते.

त्यातही डॉल्फिन सगळा वेळ पाण्याखाली. श्वासापुरता वर येतो तो सेकंद-दोन सेकंद. या किनाऱ्यालगत राहणारा मुख्यतः हिंद महासागरी कुबड्या डॉल्फिन. आधी लांब चोच पाणी फोडते, मग फुस्सकन श्वास सुटतो, मग पाठीवरचं लांबट कुबड आणि त्यावर बसलेला छोटासा पर दिसतो, की संपलं. त्या पराच्या कडेला असलेल्या खाचा, व्रण प्रत्येक प्राण्याचे वेगळे. फोटो नीट आला तर तोच डॉल्फिन पाच वर्षांनीही ओळखता येतो. म्हणून त्या दोन सेकंदांत कॅमेरा, दिशा, अंतर आणि घड्याळ, सगळं एकदम साधावं लागतं.

आणि हे पाणी! खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या पुढे जातो, तोही दिवसातून दोनदा. मुलताईला उगम पावून, आपल्या खानदेशातून वाहत ७२४ किलोमीटर आलेली तापी आपला गाळ इथेच सोडते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच, म्हणून डॉल्फिन आवाजाने पाहतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. पंधरा मीटरवरच्या माशावर आपटून त्याचा टकटकाट परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. आपला कान २०,००० हर्ट्झला थांबतो, हे टकटक लाखाच्या घरात असतं. बोटीच्या इंजिनाची घरघर आपल्याला ऐकू येते. खाली चाललेला तो टकटकाट मात्र येत नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो जन्माचा हिशेब. मादी दहाएक वर्षांची झाल्यावर विते आणि साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू देते. दहांत पाच माद्या आणि पाचही वयात आलेल्या, असं उदार मनाने धरलं तरी वर्षाला दोन पिल्लंसुद्धा होत नाहीत. मासेमारीच्या जाळ्यात वर्षाला दोन अडकून मेले की हिशेब उणे. जागतिक लाल यादीत ही जात २०१७ पासून संकटग्रस्त आहे, ती उगीच नव्हे.

गंगा, ब्रह्मपुत्रा, बियास मिळून ६,३२७ नदी-डॉल्फिन असल्याचा अंदाज मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी २८ नद्या, ८,५०० किलोमीटर आणि ३,१५० मनुष्यदिवस खर्ची पडले. नदीला निदान दोन काठ असतात. समुद्राला इतकी माणसं कुठून आणणार? म्हणून इथे स्वयंसेवक लागतात, आणि म्हणूनच त्यांच्या कोऱ्या तक्त्यालाही किंमत आहे. ‘९० किलोमीटर पाहिले, एकही नाही’ ही नोंद नसेल, तर उद्या दिसलेल्या दोनांचं प्रमाण काढता येत नाही.

उधना-लिंबायतमधल्या आणि साऱ्या सुरतेतल्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. घोघ्याला जाल तेव्हा बाहेर उभे राहा. लाटांवर पांढरा फेस फारसा नसेल तेव्हा पाहा, कारण फेसात पाठ हरवते. वेळ, जागा, संख्या, पिल्लू होतं का, एवढं लिहा आणि ‘मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया’कडे कळवा. आणि काही दिसलं नाही, तरी किती वेळ पाहिलंत ते आपल्या वहीत जरूर लिहून ठेवा.