घोड्याच्या शाळेंत

बर्लिन शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं विल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाचे एक सेवानिवृत्त गणितशिक्षक राहत असत. आपल्या हान्स नांवाच्या घोड्यास अंकगणित शिकविण्याचा त्यांस ध्यास लागला होता. प्रश्न विचारला कीं हान्स खूर आपटून उत्तर देई, आणि तें बहुधा बिनचूक असे. लोक अंगणांत गर्दी करीत. गुरुजी मात्र कोणाकडून एक पैहि घेत नसत. १९०४ सालीं तेरा जणांच्या समितीनें परीक्षा केली, पण लबाडी कांहीं सांपडली नाहीं. अखेर १९०७ सालीं ऑस्कर प्फुंग्स्ट ह्या संशोधकानें कोडें उलगडून दाखविलें. प्रश्नकर्त्यासच उत्तर ठाऊक नसलें, अथवा तो घोड्यास दिसत नसला, कीं हान्सचें गणित चुके! विचारणारा खुराकडे पाहण्यासाठीं नकळत किंचित् वांके; योग्य संख्या होतांच त्याची मान केसभर वर होई; आणि तेवढ्या खुणेवर घोडा थांबे.

हा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हां मला हसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं. पस्तीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें. ‘येथें द्विवचन कीं बहुवचन?’ असें विचारलें असतां मुलांचे डोळे फळ्याकडे नसत, माझ्या भुंवयांकडे असत. भुंवई चढली कीं उत्तर बदले. मुलांस व्याकरण येतें असें मी समजत होतों. वस्तुतः त्यांस मी येत होतों!

घोडा मनुष्याचें अंग वाचतो, ह्याच गोष्टीचा उलट बाजूनें उपयोग करून घेणारी एक शिक्षणपद्धति आज अनेक देशांत रूढ आहे. तिला आपण अश्वसाहाय्यित शिक्षण म्हणूं. ही घोडेस्वारीची शिकवणी नव्हे, व रोगावरील उपचारहि नव्हे. अमेरिकेंत १९९९ सालीं स्थापन झालेल्या ‘ईगाला’ ह्या संस्थेच्या पद्धतींत तर कोणी घोड्यावर बसतच नाहीं. सर्व कार्य जमिनीवर उभें राहून चालतें. घोडा हा मूळचा श्वापदांचें भक्ष्य असलेला प्राणी. त्यामुळें समोरच्याची चाहूल, ताठरपणा, घाई हें सर्व त्यास तत्काळ कळतें. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, क्रुद्ध मनुष्यमुखाचें नुसतें छायाचित्र पाहूनहि घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगानें वाढतात. असा शिक्षक आपणांस भीड घालून फसवितां येत नाहीं.

परंतु माणसें पागेंत नेऊन सोडलीं म्हणजे शिक्षण झालें, असें नव्हे. योजना हवी. प्रथम, सत्राचा उद्देश एकच असावा व तो एका वाक्यांत लिहितां यावा. जसें, ‘आपलें म्हणणें न ओरडतां स्पष्ट करणें.’ दुसरें, चालक दोन असावेत : एकाचें लक्ष शिकणारांवर, दुसऱ्याचें घोड्यावर. दोन्हीं कामें एकट्यानें करूं नयेत. तिसरें, घोडा शांत, निरोगी व विश्रांति घेतलेला असावा, आणि त्या दिवशीं त्याची मर्जी कशी आहे हें मोतद्दारास आधीं विचारावें. चौथें, सुरक्षिततेचे नियम कामापूर्वीं सांगावेत. घोड्याचे डोळे मस्तकाच्या बाजूंस असल्यानें त्यास जवळजवळ सभोंवार दिसतें. मात्र थेट मागें व कपाळासमोर अगदीं जवळ दिसत नाहीं. म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूनें जवळ जावें, पाठीमागें उभें राहूं नये, दोर हाताला गुंडाळूं नये, बोटें झांकणारे जोडे घालावेत, आणि कान मागें चिकटलेले दिसतांच दूर व्हावें. धनुर्वाताची लस झाली आहे कीं नाहीं, हेंहि पाहून ठेवावें.

तासभराच्या सत्रांत पाव तास ह्या गोष्टींस, अर्धा तास कामास व उरलेला पाव तास संभाषणास द्यावा. काम साधें असावें : खरारा करणें, किंवा मोरखी घातलेला घोडा दोन खुणांमधून चालवीत नेणें. ज्यास भय वाटतें त्यानें कुंपणाबाहेरून निरीक्षण करावें. ‘नको’ म्हणण्याची मुभा त्यास आणि घोड्यासहि असावी. सर्वांत कठीण नियम शेवटचा : चालकानें उत्तर सुचवूं नये, शब्दानेंहि नाहीं आणि चेहऱ्यानेंहि नाहीं.

हा नियम मीं स्वतः मोडला. माझ्या पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी वर्गांत तोंड उघडीत नसे. तिच्याबरोबर मी अशा एका सत्रास गेलों होतों. ती घोड्यासमोर उभी राहून, त्याच्या डोळ्यांत पाहत दोर ओढीत होती, आणि घोडा जागचा हलेना. चालिका बाई स्वस्थ उभ्या होत्या. मला मात्र राहवेना. मी ओरडलों, “अगं, बाजूला उभी राहा!” मुलगी दचकली, घोड्यानें मान झटकली. बाईंनीं हात वर करून मला गप्प केलें. पांच मिनिटें कोणी कांहीं बोललें नाहीं. मग तिनें दोर सैल सोडला, खांद्याशेजारीं येऊन उभी राहिली आणि सरळ वाटेकडे पाहून पाऊल टाकलें. घोडाहि निघाला.

“काय पाहिलंस?” एवढेंच बाईंनीं विचारलें. ती म्हणाली, “मी त्याच्याकडे बघत होतें तोंवर तो माझ्याकडे बघत उभा होता. मी वाटेकडे बघितलं, तेव्हां तो आला.” त्या वर्षांत तिच्या तोंडून परक्यासमोर इतकें बोलणें मीं ऐकलें नव्हतें.

ती आतां वर्गांत घडाघडा बोलूं लागली, असें मी लिहिणार नाहीं. कारण तें खरें नाहीं. परंतु त्या रात्रीं पानावर बसलों असतां तिनें मला विचारलें, “आजोबा, तुम्ही का ओरडलांत? मला सांपडत होतं ना!”

फॉन ओस्टेन गुरुजींस प्फुंग्स्टचा निष्कर्ष शेवटपर्यंत पटला नाहीं. १९०९ सालीं ते वारले. मी त्यांच्याहून भाग्यवान्. घरांतच परीक्षक भेटला. आपल्या घरांत मुलें अभ्यासास बसलीं म्हणजे वडील मंडळींनीं एवढें अवश्य करावें : प्रश्न विचारावा, आणि भुंवया स्वस्थ ठेवाव्यात.