शिवेपलीकडचे नियोजन

गावाची शीव माणसाने आखली. ओढ्याने ती कधी मानली नाही. वरच्या गावाने बांध घातला की खालच्या गावाच्या विहिरींवर त्याचा बरावाईट परिणाम होतोच. एका गावाने कचऱ्याचा ढीग हद्दीवर नेऊन टाकला की वारा फिरताच शेजारच्या गावाला नाक दाबावे लागते. एका ग्रामपंचायतीने मोठ्या हौसेने केलेला रस्ता तिच्या हद्दीपाशी येऊन थांबतो आणि पुढे चिखल सुरू होतो. असे असूनही आपले ग्रामीण नियोजन गावाच्या वेशीपाशी सुरू होते आणि वेशीपाशीच संपते. त्यापलीकडचा प्रश्न निघाला की तो थेट जिल्ह्याच्या कचेरीत जातो. या दोहोंच्या मध्ये शेजारी गावांनी एकत्र बसून विचार करण्याची जी पायरी असावयास हवी होती, ती आपण बांधलीच नाही. आणि त्याची किंमत मुख्यतः लहान गावे मोजीत आहेत.

महाराष्ट्राच्या पंचायत राज्याचा पाया घातला गेला तेव्हा जिल्हा आणि गाव यांच्या संबंधांचा विचार झाला नव्हता, असे नाही. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने विकासगटाच्या पातळीवरील पंचायत समितीला महत्त्व दिले होते. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईक समितीने जिल्हा हाच बलवान घटक असावा अशी शिफारस केली. तिला अनुसरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. जिल्हा परिषदेजवळ अभियंते असतील, हिशेबनीस असतील, निधी असेल, आणि त्यांच्या बळावर ती लहान गावांचा भार उचलील, अशी त्यामागची कल्पना होती. ती चुकीची नव्हती. परंतु भार उचलणे वेगळे आणि भार उचलणाऱ्यांना एकत्र आणणे वेगळे. पहिले काम जिल्हा परिषदांनी कमीअधिक प्रमाणात केले. दुसरे काम आपले आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

लहानपणाचे गणित

आपली ग्रामपंचायत किती लहान असते याची कल्पना आकड्यांवरून येईल. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे सव्वासहा कोटी होती आणि ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. म्हणजे सरासरी एका पंचायतीच्या वाट्याला सव्वादोन हजार माणसेही येत नाहीत. केरळात पंचायती अवघ्या ९४१. तेथील एकेक पंचायत वीस-पंचवीस हजार वस्तीची असते. १९९६ मध्ये केरळाने राज्याच्या योजनेतील सुमारे एकतृतीयांशाहून अधिक रक्कम स्थानिक संस्थांच्या हाती सोपविली, त्या प्रयोगाची स्तुती आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु ती रक्कम पेलणारी पंचायत आपल्या तालुक्यातील एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी असते, हे सांगावयाचे राहून जाते. आपल्या दोन हजार वस्तीच्या पंचायतीस स्वतःचा अभियंता परवडत नाही. हिशेब पाहणारा ग्रामसेवक (२०२४ पासून त्याचे पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे) पुष्कळदा दोन-दोन, तीन-तीन गावांमध्ये वाटलेला असतो. अशा पंचायतीकडून वर्षाचा विकास आराखडा मागवावयाचा म्हणजे एकट्या बैलाला नांगर ओढावयास लावण्यासारखे आहे.

तरीही आराखडा मागविला जातो. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला आराखडा करावयाचा, असा दंडक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जो निधी दिला, त्यातील ८० टक्के वाटा महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के वाटा पंचायत समितीला व जिल्हा परिषदेला मिळाला. त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच खर्च करण्याचे बंधन होते. पैसा गावापर्यंत पोहोचला, ही इष्टच गोष्ट झाली. पण ज्या दोन कामांसाठी तो बांधून दिला, ती दोन्ही कामे एकेकट्या गावाच्या आवाक्यात क्वचितच असतात. कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र दोन हजार वस्तीच्या गावाला परवडत नाही, दहा गावांना मिळून परवडते. पाण्याचा झरा एका शिवारात, तहान दुसऱ्या शिवारात, असा तर नेहमीचाच अनुभव आहे.

नळयोजनेचा धडा

या सहकाराच्या अभावाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपल्या प्रादेशिक नळपाणीपुरवठा योजना. एखाद्या धरणातून पाणी उचलावयाचे, ते शुद्ध करून उंचावरील मोठ्या टाकीत चढवावयाचे आणि तेथून दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक गावांच्या टाक्यांत सोडावयाचे, असा हा घाट. कल्पना उत्तम, अवर्षणप्रवण भागात तिला पर्यायही नाही. परंतु अशा किती योजना उद्घाटनानंतर काही वर्षांतच आचके देऊ लागतात, हे त्या भागातील शाळामास्तरालाही ठाऊक असते.

घडते ते असे. योजनेचा वीजबिलाचा बोजा मोठा. तो गावांच्या पाणीपट्टीतून भागावयाचा असतो. पहिल्या गावाला पाणी जोराने मिळते, शेवटच्या टोकाच्या गावाला आठवड्यातून एकदा. वाटेत मुख्य वाहिनीला बिनपरवाना जोड दिलेले असतात ते निराळेच. मग शेवटचे गाव म्हणते, पाणीच येत नाही तर पट्टी कशाची? पहिले गाव म्हणते, ते देत नाहीत तर आम्ही का द्यावी? थकबाकी साचते, वीज तोडली जाते आणि उन्हाळ्यात त्याच गावांच्या चौकात टँकर उभा राहतो. शेजारी गावच्या सरपंचांची गाठ पडते ती टँकरच्या फेऱ्यांसाठी तहसील कचेरीत ताटकळताना.

येथे दोष कोणाचा? यंत्राचा नाही. नकाशा काढताना गावे जोडली गेली, परंतु माणसे जोडली गेली नाहीत. योजना कोणत्या मार्गाने न्यावी, किती खर्चाची करावी, हे वर ठरले. ती चालविण्याचे ओझे तेवढे खाली उतरविले गेले. ज्याच्या ठरविण्यात आपला हात नाही ते चालविण्याची आस्था कोणाला वाटावी?

साखर जमते, पाणी का जमत नाही?

महाराष्ट्राच्या गावांना एकत्र येताच येत नाही, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धती शतकानुशतके चालली. अनेकांची शेते एका फडात, फडात पीक एक, आणि पाणी देणारा पाटकरी सर्वांचा मिळून नेमलेला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तोही कोणा एका गावाचा नव्हता. पुढे दुधाच्या संघांनीही हीच वाट धरली. उसाला आणि दुधाला गावाची शीव आड आली नाही.

मग पिण्याच्या पाण्यालाच ती आड का यावी? कारण उघड आहे. कारखान्यात सभासदाचा भाग होता, मत होते, आणि वर्षाच्या शेवटी किती घातले, किती मिळाले याचा हिशेब त्याला विचारता येत होता. पुढे अनेक कारखान्यांत हा हिशेब विचारणे अवघड झाले आणि तेथील सहकारही खालावला, हा त्याच सत्याचा दुसरा पुरावा होय. नळयोजनेत या तीन गोष्टींपैकी एकही नसते. 'गाव करी ते राव न करी' अशी आपली म्हण आहे. पण दहा गावांचे काम असेल तर गावाने काय करावे, याची व्यवस्था म्हण लावून देत नाही. ती कायद्याने आणि रिवाजाने लावावी लागते.

वस्तुतः कायदा अगदीच मुका नाही. दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमावी, ही तरतूद आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये आलेल्या २४३ झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीचे कर्तव्यच सांगितले आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या आराखड्यांचे एकत्रीकरण करणे, आणि तसे करताना जागेचे नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी यांसारख्या सामाईक हिताच्या बाबी लक्षात घेणे, हे ते कर्तव्य. समितीचे किमान चारपंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, असेही घटना म्हणते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने या समित्या आल्या. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. परंतु बैठकीत चर्चा होते ती बहुधा राज्याने ठरवून दिलेल्या निधीच्या वाटपाची. हजारभर गावांच्या आराखड्यांची बेरीज म्हणजे जिल्ह्याचे नियोजन नव्हे. बेरीज करण्यास कारकून पुरतो. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर तर कित्येक वर्षे त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला आणि या समितीचा लोकनियुक्त कणाच निखळला.

विलीनीकरण नव्हे, सहयोग

यावर कोणी म्हणेल, लहान पंचायती मोडून मोठ्या करा. अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये पंधरा ते वीस हजार वस्तीच्या मंडल पंचायतींची शिफारस केली होती. परंतु गाव मोडले की ग्रामसभा मोडते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: पहिलीतले मूल एवढ्या लांब कसे जाईल? तो प्रश्न एकट्या शाळेचा नाही. लहान वस्तीचे मोठ्या गावात विलीनीकरण झाले की दिवाबत्तीपासून दाखल्यापर्यंत तिचा क्रम शेवटी लागतो.

फ्रान्सने या कोंडीतून वेगळी वाट काढली. तेथे सुमारे पस्तीस हजार कम्यून, पुष्कळशी आपल्या वाड्यांएवढी. त्यांना मोडण्याऐवजी १८९० च्या कायद्याने सामाईक कामासाठी संघ करण्याची मुभा दिली आणि २०१० नंतर असा संघ जवळजवळ प्रत्येक कम्यूनला बंधनकारक केला. गावचा नगराध्यक्ष गावातच राहिला. पाणी, कचरा, विकासाचा आराखडा संघाकडे गेला. सारेच तेथे सुरळीत आहे असे नाही. लहान कम्यूनची तक्रार ऐकू येतेच. पण गाव राखून गावे जोडता येतात, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

आपल्याकडे यासाठी नवे खाते नको. जिल्हा परिषदेने पाणलोट क्षेत्र आणि आठवड्याचा बाजार यांच्या आधारे शेजारी पंचायतींचे गट सुचवावेत. गटात जावयाचे की नाही, हे ग्रामसभेने ठरवावे. जिल्हा योजनेतील काही हिस्सा केवळ गटाच्या सामाईक कामांसाठी राखावा, म्हणजे एकत्र येण्याचा लाभ दिसेल. गटास एक अभियंता आणि एक हिशेबनीस द्यावा. समितीत लहान गावाचे मत मोठ्या गावाएवढेच असावे. प्रत्येक गावाच्या टाकीवर मापक बसवावा, बिल त्यावरच आकारावे, आणि पाणी टोकाच्या गावापासून मोजावे. सामाईक खात्याचा जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा.

शेवटची अट सर्वांत अवघड आहे. जमाखर्च वाचून दाखविणाऱ्याइतकाच तो ऐकून प्रश्न विचारणाराही हवा. गावात ही पात्रता असलेली माणसे थोडी: शाळेतला शिक्षक, कचेरीत नोकरी केलेला कारकून, तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी. ग्रामसभा हे आपले काम नव्हे, असे मानून तेच घरी बसले तर गटाचे हिशेबही कंत्राटदारच लिहील. शिवेपलीकडच्या गावाशी बोलणे सुरू करावयाचे असेल तर ते येत्या ग्रामसभेत, पाणीपट्टीच्या थकबाकीचा एक साधा तक्ता मागून करता येईल. शेजारच्या गावानेही तोच तक्ता मागितला म्हणजे दोन्ही तक्ते एका टेबलावर ठेवण्यास जिल्हा परिषदेलाही सबब उरणार नाही.