इंचभर पाऊस म्हणजे एकरी किती पाणी?



पाऊस उघडला की पहिला प्रश्न येतो तो पाण्याच्या पाळीचा. ‘एवढा पडला की, आता मोटार कशाला?’ म्हणून कोणी पाळीच सोडून देतो, तर कोणी ओल्या रानात पुन्हा पाणी सोडतो. पहिल्याचा ऊस ताण खातो, दुसऱ्याचे रान क्षारपडीच्या वाटेला लागते. थोडा हिशेब केला तर दोन्ही टळते.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. म्हणजे पाणी न वाहता, न मुरता जागीच थांबले तर थर किती उंच होईल, ते माप. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, आणि लिटरभर पाण्याचे वजन १ किलो. बाकी नुसता गुणाकार.

१ मि.मी. पाऊस झाला तर –
(१) गुंठ्यावर : सुमारे १०१ लिटर
(२) एकरावर : सुमारे ४,०४७ लिटर, म्हणजे ४ टन
(३) हेक्टरवर : १०,००० लिटर, म्हणजे १० टन

एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. तेव्हा इंचभर पाऊस म्हणजे एकरी सुमारे १ लाख ३ हजार लिटर, वजनाने १०३ टन! एकरी शंभर टन उसासाठी आपण वर्षभर झटतो. तेवढे वजन एका इंचात पडते.

तुमच्या मोटारीने २०० लिटरचा बॅरल २० सेकंदांत भरत असेल, तर ती तासाला ३६,००० लिटर पाणी देते. म्हणजे इंचभर पाऊस ही एकराला जवळजवळ तीन तासांची मोटार झाली.

पण म्हणून पाळी सोडू नका. एका पाळीला ८ सें.मी. पाणी देत असाल तर ते एकरी सव्वातीन लाख लिटर होते. इंचभर पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमीच. तेव्हा पाळी चुकली नाही, लांबली. उसाची गरज दिवसाला ५ मि.मी. धरली तर पाच दिवस लांबली. पाणी बांधाबाहेर गेले असेल तर त्याहून कमी.

मोजायला तोंड आणि बूड सारखे असलेला, सरळ कडेचा डबा घ्या. लहान-मोठा कसाही चालेल. झाडापासून लांब, उघड्यावर, सपाट ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. बादली नको, तिचे बूड लहान, त्यामुळे आकडा फुगतो.

तालुक्याचा आकडा तुमच्या रानाचा नव्हे. शिवारागणिक पाऊस बदलतो. वही घेऊन गट कार्यालयात या, पुढच्या पाळीची तारीख मिळून ठरवू.

– ऊस विकास अधिकारी