चौथ्या महिन्यानंतर वाजणारा फोन

केंद्र शासनाच्या ‘किलकारी’ योजनेतून गर्भवती स्त्रीच्या फोनवर दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रित संदेश येतो. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत असे एकूण 72 संदेश. फेब्रुवारी 2024 मध्ये ही योजना महाराष्ट्रातही सुरू झाली. काय खावे, लोहाच्या गोळ्या कशा घ्याव्यात, बाळाला लस केव्हा टोचावी, हे त्यात सांगितले जाते. योजना उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. परंतु मुखेड किंवा जळकोट तालुक्यातील सतरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने पाहिले, तर शासनाचा हा फोन तिच्यासाठी प्रथम वाजतो तो ती गरोदर राहिल्यावर आणि तिचे नाव दप्तरी नोंदले गेल्यावर. त्यापूर्वी, आपल्याला एवढ्यात मूल नको आहे, हे तिने कोणाला सांगावे आणि उपाय कोणाला विचारावा?

या प्रश्नाला अलीकडे एक तयार उत्तर मिळू लागले आहे: अ‍ॅप. किशोरवयीनांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर 2016 मध्ये ‘साथिया सलाह’ नावाचे अ‍ॅप काढले आणि त्याच्या जोडीला निःशुल्क दूरध्वनी सेवाही जाहीर केली. कल्पना मुळात वाईट नाही. जे आईला, बाईंना किंवा डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य होत नाही, ते यंत्राला विचारता येते. यंत्र भुवया उंचावत नाही. तरीही परदेशांतील अनुभव सावध करणारा आहे. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेच्या संशोधकांनी ताजिकिस्तानात 16 ते 24 वर्षे वयाच्या तरुणांवर अशा अ‍ॅपची चाचणी घेतली. गर्भनिरोधनाविषयीचे खास संदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत चार महिन्यांनंतर फरक दिसला नाही. पॅलेस्टाईनमध्ये त्यांनी अ‍ॅपऐवजी साधे लघुसंदेश पाठविले, तेथे तरुण स्त्रियांची गर्भनिरोधक साधनांविषयीची मते अनुकूल झाल्याचे आढळले. झगझगीत तंत्रापेक्षा साधे तंत्र पुष्कळदा दूरवर पोहोचते.

आपल्याकडे तर प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. पाश्चात्त्य देशांत ‘अनियोजित किशोरवयीन गर्भधारणा’ म्हटले की डोळ्यांसमोर अविवाहित शाळकरी मुलगी येते. मराठवाड्यात ही मुलगी बहुधा विवाहित असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या परभणीत हेच प्रमाण 48 टक्के होते. राज्यातील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 7.6 टक्के मुली त्या वेळी आई झालेल्या अथवा गरोदर होत्या. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे गणित ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांचे आश्चर्य वाटणार नाही. मुकादमाची उचल मिळते ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीनंतर गाव सोडताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही बापाची चिंताही खोटी नसते. लग्न होते, आणि वर्षाच्या आत पाळणा हलावा अशी सासरची अपेक्षा असते. या मूल होण्याचे ‘नियोजन’ झालेले असतेच. फक्त ते तिने केलेले नसते.

दुसरा प्रश्न फोनचा. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे देशातील 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता आणि 33 टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत इंटरनेट वापरणारे 57 टक्के होते. तेव्हापासून हे आकडे वाढले असतील, तरी नव्या सुनेच्या हाती येणारा फोन बहुधा नवऱ्याचा किंवा दिराचाच असतो. त्यावर असले अ‍ॅप उघडणे म्हणजे घरात पंचायत बसविणे होय.

उलट लातूर शहरात पाहा. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी मराठवाड्यातून हजारो मुले-मुली येथे येतात, वसतिगृहांत वा भाड्याच्या खोल्यांत राहतात. वय सोळा-सतरा, आई-वडील दूर. मानवी प्रजननसंस्थेचे प्रकरण त्यांना पाठ असते, कारण त्यावर हमखास प्रश्न येतात. मात्र स्वतःच्या देहाविषयी विचारण्याची सोय शिकवणीवर्गात नसते. या मुलांसाठी चांगल्या मराठीतील, वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक अ‍ॅपचा खरोखर उपयोग आहे. नसता ती काय पाहतात आणि त्यातून काय शिकतात, हे पालकांनी न विचारलेलेच बरे.

शाळेने ही जबाबदारी घ्यावी, हा सरळ मार्ग होता. 2007 मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घालून तो अडविला. ज्या राज्यात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याच राज्यात हे घडले! कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे स्पष्ट उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दल 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. नाव न सांगता विचारावे आणि खरे उत्तर मिळावे, ही गरज मोबाइलने निर्माण केलेली नाही.

याहून अवघड गाठ कायद्याची आहे. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे आणि तो पोलिसांना कळविणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ऑक्टोबर 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पवयीन पत्नीही या संरक्षणाखाली आली. हेतू निर्विवादपणे योग्य. परंतु जावयाला तुरुंग घडेल या भीतीने कुटुंबे वय लपवितात, दवाखाना टाळतात आणि धोका मुलीच्या जिवाला राहतो. सप्टेंबर 2022 मध्ये याच न्यायालयाने, अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपाताच्या प्रकरणी पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्ट केले. अ‍ॅपमध्ये घालण्यासारखी माहिती हीच होय. गर्भनिरोधकांची चित्रे कोठेही मिळतात. ‘मी गेले तर माझे नाव कोणाला कळेल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र सहसा मिळत नाही.

पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालविला. संध्याकाळी एक तास, गावातल्याच बाईच्या देखरेखीखाली. त्या गावांत मुलींचे लग्नाचे वय पुढे गेल्याचे आढळले. तेथे फोन नव्हता, पण रोज भेटणारे माणूस होते. म्हणून नांदेड-लातूरसाठी काही करायचे तर आशा कार्यकर्तीपासून सुरुवात करावी. अ‍ॅप तिच्या फोनमध्ये असावे, मुलीच्या नव्हे. नववधूच्या घरी ती जाईल तेव्हा दोन मिनिटांची ध्वनिफीत सासूसमोरही लावता यावी आणि पहिले मूल लांबविण्याचा विषय ‘सुनेच्या प्रकृती’च्या नावाने निघावा; सासूला तो तसाच पटतो. ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या 2017 पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात विनामूल्य आहेत, हे त्यात सांगावे. बंजारा तांड्यांसाठी गोरमाटीतही ध्वनिमुद्रण व्हावे.

आणि राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली रुग्णालयांत चालणारी ‘मैत्री’ केंद्रे आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी उघडी ठेवावीत. कोणाचा संशय न येता मुलगी तालुक्याच्या गावी येऊ शकते, तो तेवढा एकच दिवस असतो.