सक्तीचे अवतरण, लहान विमानांचे

उड्डाण चालू असताना एंजिन निकामी झाल्यामुळे मिळेल त्या जागी विमान तत्काळ उतरविणे भाग पडते, त्याला सक्तीचे अवतरण म्हणतात. उड्डाण चालू ठेवणे शक्य असूनही पुढे धोका संभवतो म्हणून आधीच उतरणे हे सावधगिरीचे अवतरण होय. एकच एंजिन असलेल्या लहान विमानांच्या, विशेषतः हौशी व्यक्तींनी स्वतः बांधलेल्या प्रायोगिक विमानांच्या बाबतीत या विषयाला फार महत्त्व आहे.

प्रायोगिक विमाने : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ज्या विमानाचे बहुतांश काम हौशी व्यक्तींनी शिक्षण वा मनोरंजन यांसाठी स्वतः केलेले असते, त्याला प्रायोगिक वर्गात उड्डाणाची अनुज्ञा मिळते. अशा हौशी बांधकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केली. कारखान्यात तयार होणारी विमाने मान्य झालेल्या एकाच नमुन्याबरहुकूम असतात. घरी बांधलेल्या विमानात मात्र इंधननळ्या, झडपा व एंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था यांची मांडणी प्रत्येक बांधक आपल्या पद्धतीने करू शकतो. या विमानांच्या अपघातांत एंजिन निकामी होणे व उड्डाणात नियंत्रण सुटणे हे दोन प्रकार सर्वाधिक आढळतात, असे तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ च्या अभ्यासात दाखवून दिले.

एंजिन बंद पडण्याची कारणे : पुष्कळदा एंजिनात मोडतोड झालेली नसते, त्याला इंधन वा योग्य मिश्रण मिळत नाही, एवढेच कारण असते. इंधन संपणे, एका टाकीत शिल्लक असूनही रिकाम्या टाकीची झडप उघडी राहणे, इंधनात पाणी वा कचरा असणे, तसेच तापलेल्या नळीत इंधनाची वाफ होऊन प्रवाह अडणे ही त्यांपैकी काही होत. कार्ब्युरेटरात इंधनाचे बाष्पीभवन होताना तापमान बरेच उतरते. त्यामुळे बाहेरची हवा दमट असल्यास तिचे तापमान २०° से.च्या आसपास असतानाही आत बर्फ साचून हवेचा मार्ग अरुंद होतो. त्यावर उपाय म्हणून निष्कास नळीभोवती तापविलेली हवा आत सोडण्याची सोय असते.

एंजिनाविना उड्डाण : एंजिन थांबले तरी पंखांवरील उत्थापक प्रेरणा नाहीशी होत नाही. विमानाचे नाक किंचित खाली ठेवून वेग राखल्यास ते तरंगत पुढे जात राहते. अनेक लहान विमाने शांत हवेत १,००० मी. उंचीवरून सु. ८ ते १० किमी. अंतर कापू शकतात. याउलट, उंची टिकविण्यासाठी नाक वर ओढल्यास वेग घटतो, पंखांवरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमान कोसळू लागते. या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. स्थिर वळणात विमान ४५° कलले असल्यास सरळ उड्डाणाच्या तुलनेने सु. १९ टक्के अधिक वेगालाच आणि ६०° कलले असल्यास सु. ४१ टक्के अधिक वेगालाच ही अवस्था येते. म्हणून उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर एंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे वळण्याचा मोह टाळून साधारण समोरच्याच जागी उतरावे, असे वैमानिकांना शिकविले जाते.

जागेची निवड : शक्य तेथे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व विमान ताब्यात राहील अशा कमीतकमी वेगाने उतरतात. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेगातील थोडी घटही मोलाची ठरते. ताशी ८० किमी. वेगाचे विमान गुरुत्वीय प्रवेगाच्या नऊपट मंदनाने एकसारखे थांबविण्यास सु. ३ मी. अंतर पुरते. पीक, झुडपे, इतकेच नव्हे तर मोडणारे पंखही ही ऊर्जा शोषून घेतात. म्हणूनच विमान वाचविण्यापेक्षा माणसे बसलेला भाग अभंग राखण्याला प्राधान्य दिले जाते.

एक उदाहरण : अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात विमान कोसळून मृत्यू झाला. त्यांचे ‘लाँग-ईझी’ हे बर्ट रूटान यांच्या आराखड्यानुसार हौशी व्यक्तीने बांधलेले विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. टाकी बदलण्याच्या झडपेची मूठ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये दाखविलेली होती. बांधकाने मात्र ती त्याच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. इंधनमापकांवर खुणा नव्हत्या. उड्डाणापूर्वी पुरेसे इंधनही भरलेले नव्हते. मागे वळून मूठ फिरविताना लक्ष विचलित झाले, सुकाणूचे उजवे पायपट्टे नकळत दाबले गेले व विमानावरील नियंत्रण सुटले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. येथे सक्तीच्या अवतरणाची वेळ येण्यापूर्वीच, बंद पडू पाहणारे एंजिन सावरण्याच्या प्रयत्नात विमान हातचे गेले.

पूर्वतयारी : वैमानिकाने प्रथम वेग राखावा, मग जागा निवडावी आणि वेळ उरल्यासच एंजिन पुन्हा सुरू करून पाहावे, हा क्रम सरावाने अंगवळणी पाडतात. जमिनीवर टेकण्यापूर्वी इंधन व विद्युत् प्रवाह बंद करून आगीचा धोका कमी केला जातो. घरी बांधलेले विमान दुसऱ्याकडून घेतल्यास त्यातील झडपा व मापके यांची जागा बसल्या जागी, डोळे मिटूनही सापडेल इतकी परिचयाची करून घेणे आवश्यक असते.