बॅटरी घ्यावी ती सेल बघून

गहू पोटरीत आला आहे. पाण्याची पाळी चुकवून चालणार नाही आणि या आठवड्यात थ्री फेज लाइट आहे रात्रीची. साडेबाराला मोटार चालू करायची म्हणजे घरातून बाराला निघावं लागणार. गमबूट घातले, काठी घेतली, कानाला मफलर गुंडाळला. आणि उजेडाचं काय? तर खिशात मोबाइल आहे की!

शेतकरी बंधूंनो, आजचा लेख या ‘आहे की’ बद्दलच आहे.

मोबाइलचा उजेड पसरट असतो. घरात पडलेली सुई शोधायला तो छान, पण बांधावर पाच-सात पावलांपलीकडे तो पोहोचत नाही. ओल्या हातातून मोबाइल पाटात पडला तर उजेडही गेला आणि फोनही. रात्री काही इजा झाली तर १०८ ला फोन लावायचा तो त्याच यंत्रावरून. ते यंत्र उजेडासाठी जाळून टाकणं म्हणजे बियाणं दळून भाकरी करण्यासारखं आहे. म्हणून मोबाइल खिशात राहू द्यावा आणि हातात बॅटरी असावी.

आता बॅटरी कोणती? दुकानात गेल्यावर आपण आधी झोत भिंतीवर मारून बघतो आणि ज्याचा लखलखाट जास्त ती घेतो. इथेच चुकतं. बॅटरी दगा देते ती बहुधा दिव्यामुळे नाही, सेलमुळे. पूर्वी बल्बची तार तुटायची, म्हणून चांगल्या कंपनीच्या बॅटरीत मागच्या झाकणाच्या स्प्रिंगमध्ये एक जादा बल्ब ठेवलेला असायचा. जुन्या माणसांना तो आठवत असेल. आता एलईडी आले, त्यात तुटणारी तार नाही, दिवा वर्षानुवर्षं चालतो. राहिला तो सेल, आपल्या आजोबांच्या भाषेत ‘मसाला’. तेव्हा बॅटरी निवडायची ती सेल बघून, आणि तो सेल आपल्या गावात रात्री-अपरात्री मिळेल का हे बघून.

आठवडे बाजारात सगळ्यात जास्त खपते ती मागून दोन पिना बाहेर सरकणारी, थेट प्लगात घालून चार्ज करायची बॅटरी. यातल्या बऱ्याचशा स्वस्त बॅटऱ्यांत ४ व्होल्टचा शिशाचा सेल असतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीचंच धाकटं भावंडं. रोज वापरणाऱ्याला ती वाईट नाही. पण शिशाचा सेल रिकामा ठेवला की त्याच्या पट्ट्यांवर क्षार धरतो आणि मग तो चार्ज घेत नाही. आमच्या घरी अशी एक दिवाळीला घेतली, चार दिवस मिरवली आणि कपाटात ठेवली. मृगात पहिल्या वादळात लाइट गेली तेव्हा काढली, तर काजव्याएवढासुद्धा उजेड नाही. दोष बॅटरीचा नव्हता, आमचा होता. ही बॅटरी वापरा वा न वापरा, महिन्यातून एकदा चार्ज करायलाच हवी. अमावस्या धरून ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

दुसरा प्रकार लिथियमचा. यातला १८६५० नावाचा सेल आता सगळीकडे दिसतो. नाव म्हणजे त्याचं माप आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. वजन पन्नास ग्रॅमच्या आत, ताकद भरपूर, आणि नुसता ठेवला तरी महिनोन्‌महिने चार्ज टिकतो. माझ्या मते रोज रात्री रानात जाणाऱ्याने हाच घ्यावा. मात्र फसवणूकही यातच फार. या मापात खऱ्या सेलची ताकद साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जाते. ज्या सेलवर ९९०० छापलंय तो सेल नाही, थाप आहे. २५०० किंवा ३००० लिहिलेला, नावाजलेल्या कंपनीचा सेल घ्यावा. फुगलेला, चेपलेला, वरचं वेष्टण फाटलेला सेल चार्जरला लावू नये. अंथरुणावर किंवा कडब्याच्या गंजीशेजारी चार्जिंगला लावून झोपू तर मुळीच नये. लिथियम पेटला की आवरत नाही.

तिसरा आपला जुना, साधा सेल. मोठा किंवा पेन्सिल, दीड व्होल्टचा. याला नावं ठेवू नका. याला चार्जिंग लागत नाही आणि किराणा दुकानात, पानपट्टीवर, एसटी स्टँडवर कुठेही मिळतो. पुरात चार दिवस लाइट नसली तरी नवा सेल घातला की उजेड. याच्यातही अल्कलाइन सेल महाग असला तरी साध्यापेक्षा कितीतरी जास्त चालतो आणि वर्षानुवर्षं ठेवता येतो. शिलकीला ठेवायला तोच बरा. घेताना बनवल्याची आणि मुदतीची तारीख वाचावी. दुकानात उन्हात टांगलेली माळ घेऊ नये. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. नवा जुन्यालाही ओढत नेतो, जुना गळतो आणि आतली पत्ती खाऊन टाकतो. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड धरली असेल तर लिंबू लावलेल्या फडक्याने पुसून, कोरडं करून बघावं. पुष्कळदा बॅटरी वाचते. सेल शिल्लक आहे की संपला हे अंदाजाने ठरवू नका. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मल्टीमीटर असतोच. साधा सेल १.५ च्या आसपास दाखवत असेल तर चांगला, १.२ च्या खाली गेला तर तो घड्याळाला द्यावा.

म्हणून माझा हिशेब असा : रोजची एक लिथियमची, आणि घरात दाराजवळ खुंटीला एक साध्या सेलची. दोन्ही एकदम दगा देणार नाहीत.

आता झोताबद्दल. शंभर ते दोनशे ल्युमेनचा उजेड बांधावर चालायला पुष्कळ झाला. खोक्यावर हजारोंचे आकडे असतात, पण तो उजेड काही मिनिटांतच सेल तापवून उतरतो. कमी-जास्त अशा दोन पायऱ्यांची बॅटरी असावी. चालताना कमीवर, बिबट्याच्या भागात उसाच्या कडेला लांबवर बघायचं असेल तेव्हा जास्तवर. बटण एकदा दाबलं की लुकलुक, दोनदा दाबलं की भोंगा, असले खेळ ज्यात आहेत ती घेऊ नका; घाईत नेमकं नको ते लागतं. पाण्यापावसाचा विचार केला तर खोक्यावर आयपीएक्स ४ लिहिलेलं असेल तर शिंतोडे सोसते, आयपीएक्स ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते.

बॅटरी धरायची कशी हेही महत्त्वाचं आहे. डोक्याला पट्टा बांधून लावायची बॅटरी आता बरेच जण वापरतात. दारं मोडायला, पाइप जोडायला दोन्ही हात मोकळे राहतात, हे खरं. पण वाटेने चालताना ती एकटी पुरत नाही. उजेड डोळ्यांच्या जवळूनच निघतो, त्यामुळे वस्तूची सावली आपल्याला दिसत नाही, खड्डा आणि सपाट जमीन सारखीच वाटते. हातातली बॅटरी कमरेच्या खाली, जरा बाजूला धरली की ढेकळाचीसुद्धा सावली लांब पडते, मग वाटेत पडलेली घोणस पाचोळ्यापासून वेगळी ओळखू येते. मण्यार तर रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा मुंगी चावल्याइतकाही दुखत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी उशाला बॅटरी ठेवावी, आणि अंधारात काही चावल्याची शंका आली तरी उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठावा.

आणखी एक. स्टार्टरच्या पेटीजवळ पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची बॅटरी नेऊ नका. फ्यूज बघताना ती पेटीतच टेकवून ठेवायची आपली सवय असते. धातू दोन फेजांना लागला की काय होतं ते सांगायला नको. तिथे प्लॅस्टिकचीच हवी.

वारीला किंवा लांबच्या गावाला निघताना पिशवीत बॅटरीचं बटण आपोआप दाबलं जातं आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत सेल संपतो. सेल आणि झाकण यांच्यामध्ये कागदाचा कपटा घालून ठेवावा, लागेल तेव्हा ओढून काढावा. जादा सेल सुट्टे टाकू नयेत. नाणी, किल्ल्या यांना लागून ते तापतात. प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत ठेवावेत. विमानाने जाणाऱ्यांनी लिथियमचे जादा सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, सामानात दिलेली चालत नाही. ऊसतोडीला बैलगाडीने जाणाऱ्यांनी गाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर तर लावावाच, शिवाय पेटती बॅटरीही टांगावी. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला बैलांच्या शिंगांचा रंग दिसत नसतो.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींसाठी थोडं वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमारास. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती रात्री, आणि मदतीला जाणाऱ्यांना भर पावसात, गाडी न जाणाऱ्या डोंगरवाटेने पायी चढावं लागलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी अंधार पाहिला आहे. पाणी चढलं की धोका नको म्हणून वीज आधी बंद करतात, मग चार्जिंगच्या बॅटऱ्या शोभेच्या राहतात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या पेटीत चार-सहा बॅटऱ्या असाव्यात, सगळ्या एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या. एकीचे सेल दुसरीत बसले पाहिजेत. सेल बॅटरीत घालून ठेवू नयेत, शेजारी वेगळे ठेवावेत. सोबत शिट्टी आणि दोरी. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे नको. तो नेमका लग्नाला गेलेला असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना लोक जमतातच, त्याच दिवशी पेटी उघडून प्रत्येक बॅटरी लावून दाखवावी आणि रजिस्टरला नोंद घ्यावी. मुदत संपत आलेले सेल शाळेच्या घड्याळांना द्यावेत आणि पेटीत नवे भरावेत.

संपलेले सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ते फुटतात, आणि उकिरड्याचं खत शेवटी आपल्याच रानात जातं. ग्रामपंचायतीच्या दारात झाकणाचा एक डबा ठेवला तर ते तिथे जमा होतील. वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे, तेव्हा डबा भरला की तालुक्याच्या विक्रेत्याकडे नेऊन तो घेतो का ते विचारावं.