मेमरी कार्डावरची प्रणाली : केवळ ‘कॉपी’ पुरेशी का नाही?

तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ हा संगणक हौसेने विकत आणला जातो. इंटरनेटवरून त्याची ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेतली जाते, ती फाइल मेमरी कार्डावर कॉपी केली जाते आणि कार्ड खाचेत बसवून वीज सुरू केली जाते. तरीही पडदा काळाच राहतो. अनेक नवख्या हौशी मंडळींचा पहिला अनुभव हा असा असतो. यात दोष बहुधा संगणकाचा नसतो, कार्डाचाही नसतो. फाइल ‘कॉपी’ करणे आणि इमेज ‘लिहिणे’ या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे ठाऊक नसल्याने ही फसगत होते. त्याहून गंभीर बाब अशी, की लिहिताना एक चूक झाल्यास भलत्याच डिस्कवरील वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि कागदपत्रे क्षणार्धात हातची जाऊ शकतात.

ब्रिटनमधील केंब्रिज येथे विकसित झालेला हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. मुलांनी प्रोग्रामिंगकडे वळावे, हा त्यामागील हेतू. त्याच्या ‘मॉडेल बी’ची किंमत ३५ डॉलर होती. खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्यात हार्ड डिस्क नव्हती. तिचे काम एसडी कार्डावर सोपविण्यात आले. पुढे मायक्रोएसडी कार्ड आले, तरी तत्त्व तेच राहिले.

इमेज म्हणजे काय?

येथे ‘इमेज’ म्हणजे चित्र नव्हे. संपूर्ण डिस्कची पहिल्या बाइटपासून घेतलेली हुबेहूब प्रत म्हणजे इमेज. तिच्या आरंभीच्या ५१२ बाइटमध्ये डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात, याची नोंद असते. रास्पबेरी पायच्या इमेजमध्ये मुख्यतः दोन विभाग असतात. पहिला लहान विभाग ‘फॅट’ पद्धतीचा असून संगणक सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइल त्यात असतात. दुसऱ्या मोठ्या विभागात लिनक्स प्रणाली असते. वीज मिळताच संगणक कार्डावर हा पहिला विभाग शोधू लागतो. नुसती फाइल कॉपी केल्यास ही सारी रचना त्या फाइलच्या पोटातच बंद राहते. घराचा नकाशा गुंडाळून मोकळ्या जागेवर ठेवल्याने घर उभे राहत नाही, तसाच हा प्रकार.

म्हणूनच इमेज कार्डाच्या अगदी पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते. त्यात कार्डावरील जुनी रचना आणि मजकूर पुसला जातो. त्यामुळे आधी कार्ड फॉरमॅट करण्याची सहसा गरज नसते. लिनक्सवर पूर्वापार यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा वापरली जाते. २०२० मध्ये ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा अधिकृत प्रोग्राम आला आणि काम सोपे झाले. संगणकाचे मॉडेल, प्रणाली आणि कार्ड निवडले, की उतरविणे, लिहिणे आणि पडताळणी ही कामे तो स्वतः करतो.

धोका कोठे आहे?

‘डीडी’ आज्ञा कोणताही प्रश्न विचारत नाही. जी डिस्क सांगितली, तिच्यावर ती लिहीत सुटते. गमतीने तिला ‘डिस्क डिस्ट्रॉयर’ म्हटले जाते, ते याचमुळे. नवे प्रोग्राम संगणकाची मूळ डिस्क सहसा यादीतून वगळतात. मात्र यूएसबीला जोडलेली बाह्य डिस्क यादीत दिसू शकते. त्यामुळे लिहिण्यापूर्वी कार्डाखेरीज अन्य सर्व डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवावेत आणि क्षमतेचा आकडा ताडून पाहावा. ३२ जीबीचे कार्ड लावलेले असताना समोर १ टीबी दिसत असेल, तर तेथेच थांबावे.

लेखन पूर्ण झाल्यावरही एक चकवा संभवतो. विंडोजला लिनक्सचा विभाग वाचता येत नसल्याने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. तेथे होकार दिल्यास नुकतेच लिहिलेले सारे वाया जाते. तसेच ३२ जीबीच्या कार्डाची क्षमता केवळ लहान पहिल्या विभागाइतकी दिसली, तरी कार्ड बिघडले असे समजू नये. पहिल्यांदा सुरू होताना ही प्रणाली उरलेली जागा आपणहून व्यापते.

पडताळणीची पायरी वेळ वाचविण्यासाठी टाळू नये. लिहिलेला मजकूर परत वाचून मूळ इमेजशी ताडला जातो, तेव्हा सदोष कार्ड तेथेच उघडे पडते. पुढे वापरातही प्रणाली रीतसर बंद केल्याशिवाय वीज तोडू नये. लेखन सुरू असताना वीज गेल्यास कार्डावरील फाइल बिघडू शकतात. सर्व काही सुरळीत चालू लागले, की त्या कार्डाचीच इमेज घेऊन दुसरीकडे जपून ठेवावी. मात्र दोन कंपन्यांच्या ३२ जीबी कार्डांची प्रत्यक्ष क्षमता किंचित कमी-अधिक असू शकते. त्यामुळे ती इमेज परत लिहिण्यासाठी थोडे मोठे कार्ड हाताशी असलेले बरे.